छागलीच्या पोटावरची शिवण

खुंटीला टांगलेली, आतून ठणठणीत कोरडी आणि पोटावर आडवी शिवण असलेली मी एक जुनी छागल आहे, मित्रांनो. छागल म्हणजे जाड कॅनव्हासची, पाणी भरायची पिशवी. उन्हाळ्यात गाड्यांच्या पुढे लटकलेल्या माझ्या बहिणी तुम्ही पाहिल्या असतील. त्यांच्या पोटावर अशी शिवण नसते. घरी आलेला प्रत्येक पाहुणा मला बघतो आणि विचारतो, ही फाटली कशी? घरमालक देवमन उत्तर देतो, "जुनी हाये, बाप्पा. जुनं ते फाटतेच." मग तो विषय बदलतो. मला ते पटत नाही. मी जुनी झाले म्हणून फाटले नाही. मी चांगली धडधाकट असताना मला विळ्याने फाडलं, आणि ते कोणी आणि का फाडलं हे मी आज सांगणार आहे.

माझा जन्म लष्कराच्या एका टाकून दिलेल्या तंबूतून झाला. अकोल्याच्या बाजारात एका म्हाताऱ्या शिंप्याने त्या तंबूचे तुकडे कापले, दुहेरी शिवण घातली, वर लाकडी तोंड बसवलं, त्याला सुतळीने बूच बांधलं आणि मला दुकानाबाहेर टांगलं. आम्ही सहाजणी होतो. गिऱ्हाईक यायचं, पाणी ओतून बघायचं, आणि मी झिरपते आहे असं दिसलं की नाक मुरडून जायचं. लोकांना काय कळतं. छागल थोडी झिरपली पाहिजे. ती ओली राहते, तिला वारा लागतो, आणि म्हणून आतलं पाणी गार होतं. अजिबात न झिरपणारी छागल म्हणजे नुसती बादली.

देवमनला हे ठाऊक होतं. तो लष्करात गाडी शिकला होता आणि तिथून सुटून सरकारी दवाखान्याच्या जीपवर ड्रायव्हर लागला होता. त्याने सहाही छागलींत पाणी भरलं, बाजूला बसून बिडी ओढली, आणि मग प्रत्येकीच्या पोटावर तळहात ठेवून पाहिला. माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "हे घेतो. हे बराबर घामेजते." मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. मी आजही विसरलेले नाही.

त्यानंतर चार वर्षं मी जीपच्या नाकावर, दोन दिव्यांच्या मधोमध लटकून फिरले. गाडीच्या आधी रस्ता मला दिसायचा. बाळापूर, पातूर, मोर्शी, कुठलं म्हणून गाव राहिलं नाही. साहेब लोक माझं पाणी पिऊन "वा" म्हणायचे. काही साहेब मात्र स्वतःची सुरई बरोबर आणायचे, कारण मला भरणारा हात देवमनचा होता. सुरईतलं पाणी दुपारपर्यंत कोमट व्हायचं, आणि साहेब ते कोमट पाणी तोंड वाकडं करत प्यायचे. मला हसू यायचं, आणि रागही यायचा.

आता त्या मुलखाबद्दल सांगते. वाळवंट म्हटलं की तुम्हाला भूगोलाच्या पुस्तकातली वाळू आठवत असेल. आमच्या वऱ्हाडात वाळू नाही, पण पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. पावसाळ्यात तिथे कपाशी छातीइतकी वाढते. वैशाखात मात्र नजर जाईल तिथवर काळी उघडी माती, तिला हात हात खोल भेगा, आणि मैल मैल झाड नाही. विहिरी आहेत, पण पाणी इतकं खारट की तहानलेलं जनावरसुद्धा तोंड लावून मागे सरतं. बायका नदीच्या कोरड्या पात्रात झिरे खणतात आणि वाटी वाटीने गोडं पाणी उपसून नेतात. असल्या मुलखात मी रिकामी असणं म्हणजे काय, ते देवमन जाणून होता. तो मला कधीच रिकामी ठेवत नसे.

ते साल अठ्ठावन्न होतं आणि वैशाख होता. खारपाणपट्ट्यात पटकीची साथ आली होती. त्या रोगाने माणसाच्या अंगातलं पाणी जुलाब-वांतीवाटे निघून जातं आणि धट्टाकट्टा माणूस एका दिवसात चिपाड होतो. दवाखान्याचे डॉक्टर वामनराव टाकळखेडी नावाच्या गावात आठवडाभर तळ ठोकून होते. एका सकाळी त्यांची चिठ्ठी घेऊन सायकलवाला आला. त्यांच्याजवळच्या सलाईनच्या बाटल्या संपल्या होत्या. सलाईन म्हणजे शिरेतून अंगात सोडायचं मिठाचं पाणी. चिठ्ठीत खाली अत्यवस्थ माणसांची नावं होती आणि त्यांना आजच्या आज बाटल्या मिळाल्या नाहीत तर कठीण आहे असं लिहिलं होतं.

कंपाउंडर भगवंतने चिठ्ठी वाचली आणि देवमनच्या हातात दिली. देवमनने ती वाचली, आणि त्याचा हात माझ्या पोटावर आला तो तसाच राहिला. शेवटून तिसरं नाव होतं मैना, वय चाळीस. मैना ही टाकळखेडीला दिलेली त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली होती, तेव्हा तिनेच त्याला भरवून वाढवलं होतं.

मग झपाझप गाडी भरली गेली. मोठ्या पेटीत टाकळखेडीसाठी चोवीस बाटल्या होत्या. दुसरी पेटी लहान होती. वाटेवरच्या एका गावात साथ अजून पोचली नव्हती, पण दोन्ही बाजूंनी येत होती, म्हणून डॉक्टरांनी त्या गावासाठी टोचायची लस आणि चार बाटल्या मागवल्या होत्या. त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. तिथे आजही चांगली माणसं राहतात. भगवंतने त्या चार बाटल्या गवतात गुंडाळून लहान पेटीत ठेवल्या आणि ती पेटी सगळ्यात वर ठेवली, कारण ती आधी उतरवायची होती. उन्हाने लस नासू नये म्हणून त्याने दवाखान्याचं लाल ब्लँकेट ओलं करून पेट्यांवर पांघरलं. त्यावर अंगणातल्या कडुलिंबाच्या फांद्या तोडून सावलीला रचल्या. तेवढ्यात देवमनची बायको दुर्गाबाई धावत आली. मैनाला सरबताला म्हणून तिने लिंबं आणली होती. हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली ती लिंबं तिने चेंगरू नयेत म्हणून समोर आरशाला टांगली. बरोबर जायला दुसरं माणूस नव्हतं, सगळे साथीच्या कामावर पांगले होते. देवमन एकटाच निघाला. खरं म्हणजे आम्ही दोघं निघालो.

पक्का रस्ता संपेपर्यंत काही झालं नाही. नदीच्या उतारावर मात्र पाहतो तर दरड ढासळून वाट बंद. देवमनने शिवी हासडली आणि गाडी खालच्या अंगाने, वडगावच्या शिवारातून वळवली. फेरा पडला दोन मैलांचा. नऊ वाजले होते आणि जमीन भाजायला लागली होती. वारा असा गरम की माझ्या अंगावरचा ओलावा येईल तसा उडून जात होता. वाटेत माणूस नाही, ढोर नाही, पाखरू नाही. देवमन स्वतःशीच बोलत होता. मैनाबाई, दम धर, येऊन राहिलो मी. हेच वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, भेग आली की थांबायचा आणि भेग ओलांडली की पुढचं म्हणायचा.

आता जे सांगते त्यासाठी तुम्हाला तिकडची एक रीत ठाऊक हवी. पटकीला लोक मरीमायचा कोप म्हणत. कोप घालवायला गावकरी एक छोटा लाकडी गाडा करत, त्यात देवीची लाकडी मूर्ती बसवत, लाल-हिरवं वस्त्र घालत, कडुलिंब आणि लिंबं लावत आणि तो गाडा आपल्या शिवेबाहेर, पुढच्या गावाच्या हद्दीत नेऊन सोडत. म्हणजे रोग तिकडे गेला. पुढच्या गावाला तो नको असे, म्हणून ते लोक शिवेवर काठ्या आणि दगड घेऊन उभे राहत. त्यांनी मार्गावर कडुलिंबाचं तोरण बांधलं की गाव बांधलं गेलं. मग आत कोणी यायचं नाही. आणि मित्रांनो, तो गाडा ओढायचं काम पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या गळ्यात मारलेलं असे? देवमनच्या बापाच्या, पुंजाजीच्या. पुढच्या गावचे पहिले दगड पुंजाजीच खायचा. त्याच्या कपाळावर तीन खोका होत्या. छप्पन्नच्या दसऱ्याला देवमनच्या घराने बुद्धाचा धम्म घेतला आणि त्या दिवसापासून असली सगळी कामं सोडली. पुंजाजी ते बघायला जिवंत होता. गाड्याचा दोर त्याने स्वतःच्या हाताने चुलीत घातला होता.

त्या दिवशी वडगावचे लोक गाडा काढणार अशी वार्ता होती. ज्या गावाचं नाव मी सांगत नाही, त्याची सगळी गडीमाणसं सकाळपासून वडगावच्या वाटेवर, शिवेवरच्या तोरणाखाली उन्हात उभी होती. घाबरलेली, तापलेली माणसं. दूरवर धूळ उठली. त्या धुळीतून वडगावच्याच बाजूने एक गाडी आली. तिच्या पाठीवर लाल वस्त्र होतं, त्यावर कडुलिंब होता, आणि पुढे हिरव्या फडक्यात लिंबं झुलत होती.

देवमनला यातलं काहीच सुचलं नाही. त्याच्या डोक्यात फक्त मैना होती. इथे लहान पेटी द्यायची आणि पुढे सुटायचं, एवढंच त्याला ठाऊक. तोरणापुढे गाडी थांबवून तो खाली उतरला आणि राम राम करायला हात जोडतो न जोडतो तोच पहिला दगड माझ्या कानाजवळून गेला आणि डावा दिवा फुटला.

गर्दीच्या पुढे नत्थुजी होता. चाळिशीचा, रुंद खांद्याचा शेतकरी, हातात विळा. त्याने देवमनला नीट पाहिलं आणि ओळखलं.

"पुंजाजीचा पोरगा होय तू," तो म्हणाला. "बापाचंच काम करून राहिला काय? आता मोटारीत घालून आणून राहिला मरीमायले?"

"आमी सोडलं ते काम, नत्थुजी," देवमन म्हणाला. "हे औषध हाये. सरकारी. तुमच्या गावचीबी पेटी हाये याच्यात. उघडून पाह्य."

"अन् लाल कपडा काहून? लिंबं काहून?"

देवमनने मागे वळून आपल्याच गाडीकडे पाहिलं. तेव्हा कुठे त्याला ती दिसली, त्यांना दिसत होती तशी. ब्लँकेट दवाखान्याचं, लिंबं बहिणीसाठी, असं तो सांगायला लागला, पण तोवर ऐकणारं कोणी उरलं नव्हतं. मागून कोणीतरी ओरडलं, गाडा मागे लोटा, आणि दगडांचा वर्षाव सुरू झाला. पुढची काच फुटली. एक दगड देवमनच्या भुवईवर बसला आणि रक्ताने त्याचा डोळा भरला. एक काठी पाठीवर पडली, दुसरी खांद्यावर. दगड गाडीच्या मागच्या भागावर पडत होते, कडुलिंबाच्या फांद्यांवर, त्या फांद्यांखालच्या लहान पेटीवर. आत काच फुटल्याचा आवाज मी ऐकला. एकदा, दोनदा, आणखी दोनदा.

तो आवाज देवमननेही ऐकला. मार खाताना तो गप्प होता, पण काच फुटली तसा तो जनावरासारखा ओरडला आणि दोन्ही हात पसरून गाडीच्या पुढे, मला पाठ लावून उभा राहिला. नत्थुजीने विळा उगारला. तो वार देवमनवर होता, यात मला शंका नाही. देवमन घसरला, गुडघ्यावर आला आणि विळा माझ्या पोटात शिरला, डावीकडून उजवीकडे.

दुखलं का असं विचाराल तर हो, दुखलं. पण दुखण्यापेक्षा लाज जास्त वाटली. मैलोन्‌मैल जपून आणलेलं गार पाणी भळाभळा त्या तापल्या धुळीत पडलं आणि बघता बघता जिरलं. नत्थुजीच्या पायांवरही ते उडालं. तो दचकून मागे सरला, कारण पाणी गार होतं. त्याला बहुतेक वाटलं, देवीनेच काहीतरी केलं. गर्दीही घटकाभर मागे हटली. तेवढ्या घटकेत देवमन गाडीत चढला, त्याने उलटी गाडी काढली आणि वाट सोडून सरळ शेतात घातली.

पुढचा वेळ कसा गेला ते मला नीट सांगता येत नाही. भेगांवरून गाडी उडत होती आणि मी फाटक्या पोटाने दिव्यांवर आपटत होते. मैलभर गेल्यावर एका एकट्या बाभळीखाली देवमन थांबला. भुवईचं रक्त त्याने बाहीने पुसलं आणि आधी पेट्या पाहिल्या. मोठ्या पेटीतल्या सहा बाटल्या फुटल्या होत्या, अठरा धड होत्या. मग लहान पेटी त्याने उघडली. चारही बाटल्या फुटल्या होत्या. लशीच्या कुप्यांचा चुरा त्या मिठाच्या पाण्यात तरंगत होता. ज्या गावाने दगड मारले त्याच गावाच्या त्या बाटल्या होत्या. देवमन हसला, पण ते हसणं ऐकवत नव्हतं.

मग तो माझ्याकडे वळला. वाराच्या खाली जेवढं पाणी होतं तेवढं माझ्यात उरलं होतं, तांब्या-दीड तांब्या. हलल्यावर तेही सांडत होतं. त्याने बाभळीचे लांब काटे तोडले, माझ्या फाटलेल्या कडा जुळवल्या आणि एकापाठोपाठ एक असे नऊ काटे टोचून मला बंद केलं.

आणि इथूनच खरी परीक्षा सुरू झाली. शेतातून पहिल्या गियरमध्ये चालून गाडी उकळत होती. तिला पाणी पाजल्याशिवाय ती मैलभरही जाणार नव्हती. जवळची विहीर त्याच गावाची होती, आणि तिकडे परत जायची सोय नव्हती. टाकळखेडी अजून सात मैल. पाणी एवढंसं, आणि तहानलेले दोघं: गाडी आणि देवमन. मित्रांनो, मार खाल्लेल्या, रक्त गेलेल्या माणसाला अशा उन्हात किती तहान लागते, ते मी त्याच्या ओठांवर पाहिलं. ते फुटून काळे पडले होते. मागे अठरा बाटल्या पाणी होतं. तिकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

पहिल्यांदा गाडी उकळली तेव्हा त्याने माझं बूच काढलं आणि अर्धं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. दुसऱ्यांदा उरल्याचं अर्धं. तिसऱ्यांदा त्याने मला तळाशी धरून उलटी केली, काट्यांवर हात दाबून शेवटचा थेंब गाडीला दिला आणि मग माझ्या ओल्या अंगावर तोंड टेकवलं. कॅनव्हासमध्ये जो ओलावा होता तो त्याने लहान मुलासारखा चोखला. एवढंच पाणी त्या दिवशी त्याच्या वाट्याला आलं. मला तेव्हा किती वाटलं, आपण थोडं तरी लपवून ठेवायला हवं होतं. पण छागलीला लपवता येत नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला आम्ही टाकळखेडीला पोचलो. डॉक्टर वामनराव धावत आले. देवमनचा चेहरा पाहून ते त्यालाच धरायला लागले, तर त्याने त्यांचा हात बाजूला केला आणि विचारलं, "मैनाबाई?" डॉक्टर म्हणाले, आहे, पण नाडी लागत नाही. बाटल्या आणा. त्या दुपारी शाळेच्या पडवीत मैनाच्या हाताला सुई लागली, आणि दोन बाटल्या संपता संपता तिने डोळे उघडले. समोर भाऊ बसलेला, भुवई सुजलेली, सदऱ्यावर वाळलेलं रक्त. ती क्षीण आवाजात म्हणाली, "कोनं मारलं तुले?" तो म्हणाला, "गाडी आदळली." दुर्गाबाईची लिंबंही पोचली होती. फुटलेली, पण रस निघाला.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती आनंदाने संपवली असती.

दुसऱ्या दिवशी देवमन अकोल्याला जाऊन नवा साठा घेऊन आला, वडगावचा फेरा टाळून, लांबच्या वाटेने. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर त्याला म्हणाले की आता त्या गावाला जायला हवं, रोग तिथे पोचला आहे. तोरण बांधलं होतं, गाडा अडवला होता, पण झिरे सगळ्यांचे एकाच नदीतले होते. देवमनने गाडी चालू केली.

शिवेवर कोणी नव्हतं. तोरण वाळून खाली पडलं होतं, आमच्या दिव्याच्या काचा तिथेच चमकत होत्या. गावात शिरलो तर ओट्यांवर माणसं माना खाली घालून बसलेली. ज्यांनी दगड मारले त्यांनीच पेट्या उतरवल्या. नत्थुजी त्यात नव्हता. आदल्या संध्याकाळी तो गेला होता. सकाळी वांती सुरू झाली आणि दिवेलागणीआधी संपला. रुंद खांद्याचा माणूस, नेताना हलका लागला, असं कोणी तरी म्हणालं.

डॉक्टर टोचत होते आणि देवमन गाडीजवळ एकटा उभा होता. तेव्हा नत्थुजीची बायको सुभद्रा आली. कपाळ मोकळं, डोळे कोरडे. ती माझ्यासमोर उभी राहिली. माझ्या पोटावरचे नऊ काटे तिने पाहिले, त्यावरून बोट फिरवलं. तो वार कोणाचा, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. विळा तिच्याच घरातला.

"काट्यानं आनखी फाटत जाते, भाऊ," ती म्हणाली. "द्या इकडं."

तिच्या घरचं माणूस पुंजाजीच्या घरच्या कोणाला भाऊ म्हणत नसे, आणि त्यांच्या भांड्यालाही शिवत नसे. देवमनने मला सोडवून तिच्या हातात दिलं. ती तिथेच, गाडीच्या सावलीत मातीवर बसली. घरून तिने दाभण आणि जाड दोरा आणला होता. एकेक काटा काढायची आणि तिथे टाका घालायची. तिचे टाके त्या म्हाताऱ्या शिंप्यापेक्षा आखूड आणि घट्ट होते. शेवटी तिने दातांनी दोरा तोडला आणि मला मांडीवर ठेवूनच वर पाहिलं.

"तुमी त्या दिवशी म्हनलं होतं म्हनतात, आमच्या गावचीबी पेटी हाये म्हनून. त्याच्यात ह्या पान्याच्या बाटल्या होत्या काय? फुटल्या त्या आमच्याच होत्या काय?"

देवमनच्या भुवईवर टाके होते. खांदा अजून उचलत नव्हता. ज्या माणसाने त्याच्यावर विळा उगारला त्या माणसाची बायको त्याच्यापुढे बसली होती, आणि एक खरा शब्द त्याच्या तोंडात तयार होता. त्याला तो शब्द बोलायचा हक्क होता. मी तर म्हणेन, पुरेपूर हक्क होता.

"नाई, बाई," तो म्हणाला. "तुमच्या पेटीत निस्ती टोचाची दवाई होती. बाटल्या नव्हत्याच."

सुभद्राने मान हलवली. मग मात्र ती रडली. मला पोटाशी धरून रडली आणि माझा कोरडा कॅनव्हास कितीतरी वेळ ओला होत राहिला.

मित्रांनो, देवमन खोटं बोलला. भगवंतने त्या चार बाटल्या गवतात गुंडाळल्या तेव्हा मी समोरच होते. त्या फुटताना मी ऐकल्या आणि बाभळीखाली त्यांच्या काचाही पाहिल्या. तुमच्या शाळेत खोटं बोलू नये असं शिकवतात आणि ते बरोबरच आहे. मी फक्त काय झालं ते सांगते.

पुढे मी आणखी सहा वर्षं काम केलं. मग नवी गाडी आली, तिच्याबरोबर पत्र्याचा डबा आला, आणि देवमनने मला घरी आणून या खुंटीला टांगलं. आता कोणी मला भरत नाही. उंदराने एक कोपरा कुरतडला आहे. कोरडी राहिले की माझा धागा तडकतो, हे घरातल्या कोणाच्या ध्यानात राहत नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं. म्हणून दोनच गोष्टी मागते. तुमच्या शिवेवर कोणी एकटा माणूस धुळीने माखून आला, आणि त्याच्या गाडीवर तुम्हाला नको असलेल्या रंगाचं फडकं दिसलं, तर हातातला दगड आधी खाली ठेवा आणि पेटी उघडून बघा. ती तुमचीच असू शकते. आणि वैशाख लागला की मला एकदा पाण्यात भिजवा, भरा आणि वाऱ्याला टांगा. शिवणीतून थेंब थेंब गळेल. गळू द्या. पण कोणी म्हणालं, ही शिवण उसवून नवी घालू, तर घालू देऊ नका.